आलेच हं!

वैजयंतीच्या जिभेवर कायम साखर. कोपरखैरण्यातल्या त्या सोसायटीत वॉचमनपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे तिला ताई म्हणायचे. सासर सोडून ती भावाकडे, सुधीरकडे, आली तेव्हा हातात एक बॅग होती. वहिनी गेली आणि अख्खा फ्लॅट तिच्या ताब्यात आला. किल्ल्या, फ्रीज, आणि सुधीरची आठ वर्षांची ईश्वरीसुद्धा.

ईश्वरी स्वमग्न होती. वाशीला तिला बोलायला शिकवणाऱ्या राजलक्ष्मी मॅडमनी एकदा वैजयंतीला समोर बसवून सांगितलं, "आपण सूर ऐकतो, ही शब्द धरते. चिडून 'वा, छान!' म्हणालात तर ही खूश होईल. आणि 'आलेच' म्हणून न येणं तर नकोच. हिच्या लेखी शब्द दिला म्हणजे दिला. ही वाट बघत राहते."

"अय्या, खरंच?" वैजयंती हसली आणि पर्स उचलून उठलीच.

वहिनीला, उज्वलाला, दमा होता. वारली त्या दिवशी सकाळीच ती म्हणाली होती, "वैजूताई, घणसोली गावात खोल्या स्वस्त मिळतात हं. बघून ठेवा." दुपारी कारखान्यांकडचा उग्र वास सुटला आणि बेडरूममध्ये पलंगावर पडल्या पडल्या तिला धाप लागली. "ताई, पंप... ओट्यावर..." वैजयंती स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. "आणते हं वहिनी, आलेच!" ती गोड आवाजात म्हणाली. पंप हाताच्या अंतरावर होता. तिने आधी जुडी संपवली, एकेक पान खुडून. मग उठली आणि किंचाळली. रडलीही इतकी सुरेख, की शेजारच्या मालतीबाईंनी तिलाच पाणी पाजलं.

ईश्वरी तेव्हा आईच्या पायाशी बसली होती. पण पोर बोलते कुठे?

पोर बोलली. नाश्त्याला सुधीरसमोर म्हणाली, "आत्या आलेच म्हणाली. आत्या आली नाही."

"अगं, आत्या इथंच आहे की," सुधीर म्हणाला.

"बघ ना, किती लळा!" वैजयंतीने पोह्यांवर खोबरं भुरभुरलं.

मग रोज दुपारी ईश्वरी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणायची, "आणते हं वहिनी, आलेच!" आवाज वैजयंतीचा. 'हं'वरचा लाडिक हेलसुद्धा तिचाच. मॅडम म्हणाल्या, काही मुलं ऐकलेलं जसंच्या तसं म्हणतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

एका दुपारी ईश्वरी हॉलमध्ये चित्र रंगवत होती, तोंड मिटून. आणि आवाज स्वयंपाकघरातून आला.

वैजयंतीने टीव्ही मोठा केला.

त्यानंतर तिला धाप लागायला लागली. जन्मात कधी दमा नव्हता. डॉक्टर म्हणाले छाती साफ आहे, तरी असू दे म्हणून पंप दिला. तो ओट्यावर राहायचा. घरात मेथी आणणं तिने बंद केलं. तरी सिंकमध्ये देठ सापडायचे, ओले, ताजे.

अखेर तिने ईश्वरीला जवळ घेतलं. "इशू, माझी शहाणी बाय, पुन्हा तसं बोललीस ना, तर तुला लांब कुठंतरी टाकून येईन हं. पप्पापण येनार नाय." सूर असा, की ऐकणाऱ्याला वाटावं, अंगाईच चाललीय.

सूर वाया गेला. ईश्वरीने शब्द तेवढे घेतले. ती दोन्ही कान दाबून बेडरूमच्या कोपऱ्यात जाऊन बसली.

त्याच दुपारी पुन्हा तो उग्र वास सुटला. वैजयंती पलंगावर कोसळली, उज्वला झोपायची त्याच बाजूला. छाती शिट्टी वाजवू लागली.

"इशू... पंप... ओट्यावर..."

ईश्वरीने कानांवरचे हात काढले. उठली. गुणी पोर ती, पंप आणायला निघालीही.

"आणते हं वहिनी, आलेच!"

स्वयंपाकघरातून. गोड. वैजयंतीचाच आवाज.

ईश्वरी थांबली. मागे फिरली आणि पलंगाच्या पायथ्याशी मांडी घालून बसली.

"आत्या आणते म्हणाली," तिने वैजयंतीला समजावलं.

वैजयंतीने मान हलवली. नाही, नाही. शब्द फुटेना.

दोघी वाट बघत राहिल्या. स्वयंपाकघरात बांगड्या ताटावर हलकेच वाजत होत्या. कोणीतरी सावकाश मेथी निवडत होतं. जुडी मोठी असावी.