बांधावरची अंडी

"बाई, लवकर या. टिटवीची अंडी गेली!"

वनरक्षक योगिताचा सकाळीच फोन आला. सत्यभामाबाई हातातला चहा तसाच ठेवून निघाल्या.

मे महिन्यात तळं आटून पार मधोमध गेलं होतं. बाई शाळेत शिकवायच्या त्या काळी भर उन्हाळ्यातही पाणकणसात पाखरांचा गलका असे. आता तिथे भेगाळलेला गाळ. पाखरं जपा म्हणून गावाला सांगून सांगून बाईंचा घसा बसला होता; पाखरं कमीच होत गेली.

गाळातला खळगा रिकामा होता. आसपास मेंढ्यांचे खूर उमटलेले.

"धुळाजीच," योगिता म्हणाली. "उद्या वनखात्याचे साहेब येतायत. त्याची चराई बंदच करायला सांगते. आणि गंमत बघा, पहाटे बांधावर दुसरी अंडी सापडली. कुत्री-कावळे नकोत म्हणून बघताक्षणी टोपलीखाली झाकली. गावात एवढंच बोलले, की बांधावर अंडी आहेत."

बाई बांधावर चढल्या. टोपली उचलली. चार अंडी, टोकं मुरुमात रोवून उभी केलेली. त्यांना काळा गाळ चिकटलेला. एकही टिटवी अंगावर झेपावली नाही. जोडी खाली रिकाम्या खळग्यावर टाहो फोडत होती.

बाईंनी टोपली परत झाकली. बांधाच्या पायथ्याशी मेंढपाळ धुळाजी हात जोडून उभा होता.

"अंडी उचललीस?"

"न्हाई बाई. मेंढरं खळग्याला वळसा घालून पान्यावर नेली. चराई गेली तर कळप कुठं न्यू?"

"बांधावरची पाहिलीस?"

"निस्ती टोपलीच दिसली."

शेजारच्या दगडावर म्हातारे तात्याबा बसले होते. टिटवीच्या अंड्यांवरून ते दरसाल गावाला पाऊस सांगत. अंडी उंचावर तर पाणी भरपूर, खोलात तर दुष्काळ. टोकं खाली तर धो धो.

"तात्याबा, तुम्ही वर गेला होतात का?"

"गुडघं कुठं चढू देत्यात? योगितानं सांगितलं तेवढंच ठावं."

"मग यंदा कसं?"

"लई पाऊस! बांधावर अंडी, चारी टोकं खाली. आमच्या लेकाला, माऊलीला म्हनलं, बैलं इकू नगं पोरा."

बाईंनी कपाळावर हात मारला.

"योगिता, ही दुसरी नव्हेत, तीच अंडी. बांध मुरुमाचा, मग त्यांना काळा गाळ कसा? अंडी इथली असती तर टिटव्यांनी इथे डोकं उठवलं असतं. आणि टिटवी अंडी आडवी ठेवते, टोकं आत वळवून. ती रोवत बसत नाही. ही रोवली शकुन बघणाऱ्याने. टोपलीखालची टोकं यांना कुणी सांगितली?"

"मी नाही! तुम्हालाही बोलले नव्हते."

तात्याबांनी मान खाली घातली.

"खोलात होती, बाई. रांगत वर नेली. माऊली म्हनला, दुस्काळ असंल तर जोडी बाजारात. माझ्या हातानं वाढवलेली बैलं ती..."

"आणि धुळाजीची मेंढरं? ती कुणाच्या हातानं वाढली?"

योगिताने वर जाऊन अंडी ओंजळीत घेतली. गार पडली होती. तरी ती परत ठेवायला योगिता खळग्याकडे निघाली.

"माऊलीला काय सांगू? पाऊस न्हाई म्हनून?" तात्याबांनी विचारलं.

"अंडी तुम्ही हलवलीत, एवढंच सांगा," बाई वैतागून म्हणाल्या. "पावसाचं तुम्हाला कधी काय ठाऊक होतं?"

धुळाजीने जोडलेले हात अजून सोडले नव्हते.

"बाई, मग मेंढरं सोडू का?"

"सोड बाबा. त्या खळग्यापासून लांबून ने."