पायाखालचं माप

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर मी जरा बरी रचली असती. पैंजण वाजवले असते, पिंपळ लावला असता...

यात तसलं काही नाही. यात एक शिवणाचं मशीन आहे आणि घड्याळाचे पट्टे आहेत.

आणि ही रात्रीची गोष्टही नाही. भुतं रात्री येतात म्हणतात. आमच्याकडे दुपारी आलं. कारण दाजी दिवसपाळीचे होते. दिव्याच्या उजेडात टाका वाकडा जातो, असं त्यांचं पक्कं मत होतं. मेल्यावरही ते बदललं नाही.

साल सत्त्याऐंशी. दिवाळी होऊन गेली होती. बिदरच्या बाहेर, कोळारच्या कारखान्यांच्या वसाहतीत, अगदी शेवटच्या रांगेत आमची पत्र्याची शेड. पुढं काम, मागं राहायची खोली. तिथं माझी मोठी बहीण सोजराबाई, म्हणजे अक्का, तिचा नवरा हरिबा, म्हणजे दाजी, आणि मी. मी निर्णा गावचा. शेतीत माझं लक्ष नाही म्हणून आईनं मला अक्काकडे पाठवलं होतं. लक्ष माझं इथंही नव्हतं, पण इथं ऊन कमी लागायचं.

आम्ही घड्याळाचे चामडी पट्टे बनवायचो. दाजी हैदराबादेत हे काम शिकले आणि येताना एक जुनं, कारखान्यात असतं तसलं मोटारीचं मशीन घेऊन आले. काळं, जड. चामडं ते कागदासारखं शिवायचं. चामडं कापायचं, अस्तर चिकटवायचं, बक्कल बसवायचं ही कामं माझी. शिवण आणि भोक दाजींचं.

दाजींची एक सवय सांगतो. सगळं तिथूनच सुरू झालं.

मोटार चालू करण्याआधी ते मशीनचं चाक हातानं फिरवायचे. सुई नीट उतरते का बघायला.

खट... खट... खट...

मग मोटार.

आणि त्यांचा एक नियम होता. कुणाला खास मापाचा पट्टा हवा असला, तर दाजी त्याच्या मनगटाभोवती खाकी कागदाची पट्टी गुंडाळायचे, नखानं खूण करायचे, आणि ती पट्टी मशीनच्या पायाखाली दाबून ठेवायचे. पाय म्हणजे सुईजवळचा तो लोखंडी तुकडा, जो शिवताना चामडं धरून ठेवतो.

"पायाखाली माप आलं म्हंजी ऑर्डर आली," ते म्हणायचे. "मग इचारायचं न्हाई. करायचं."

अशा मापाच्या पट्ट्याला ते भोकही एकच पाडायचे. बाकी पट्ट्यांना ओळीनं भोकं असतात. याला एकच. मी एकदा विचारलं होतं, "दाजी, माणूस जाड झाला तर?"

"तर परत यील की," ते म्हणाले. "मी कुठं जायलोय?"

पुढच्याच महिन्यात ते काविळीनं गेले.

जनवाड्याच्या त्यांच्या चुलत्या-मावश्या आल्या. रडल्या. अक्काच्या बांगड्या फोडल्या. मी दारात उभा होतो. मला काहीच वाटत नव्हतं. काचा केरसुणीनं गोळा करून मी बाहेर टाकल्या आणि मग किती वेळ केरसुणी हातात धरून उभा होतो, मला आठवत नाही.

सगळे गेल्यावर शेडमध्ये आम्ही दोघंच उरलो.

अक्का आपल्या मनगटाकडं बघायची. तिथं बांगड्यांची पांढरी खूण होती.

मग एक दिवस तिनं खिळ्यावरचं दाजींचं घड्याळ काढलं. किल्ली दिली. हाताला लावून बघितलं. त्याचा पट्टा घामानं कुजलेला होता. आख्ख्या बिदरला पट्टे पुरवणारा माणूस स्वतःचं घड्याळ सुतळीनं बांधून हिंडायचा.

अक्कानं खाकी कागदाची पट्टी घेतली. मनगटाभोवती गुंडाळली. नखानं खूण केली.

आणि जाऊन मशीनच्या पायाखाली ठेवली.

मी बघत होतो. तिनं ते सवयीनं केलं. घरातलं माणूस गेल्यावरही हात दोन कप चहा टाकतो, तसं. मीही ती पट्टी काढली नाही. पायाखालचं माप दाजींशिवाय कुणी काढायचं नाही, हीही सवयच.

आता विचार केला तर... आम्ही मेलेल्या माणसाला ऑर्डर दिली होती.

आणि दाजींनी कधीच कुणाची ऑर्डर परत पाठवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली. रोजच जायची. आम्ही मागच्या खोलीत जेवायला बसलो. म्हणजे मी जेवत होतो. अक्का भाकरीचे तुकडे करत होती, खात नव्हती.

खट...

मी थांबलो.

खट... खट...

अक्कानं मान वर केली नाही.

मी पुढं गेलो. कुणी नव्हतं. दार आतून लावलेलं. पण मशीनचं चाक अजून हळूहळू फिरत होतं... आणि थांबलं.

पायाखाली पट्टा होता. तपकिरी. शिवलेला. भोक एकच. बक्कल नव्हतं. बक्कल बसवायचं काम माझं, ते त्यांनी मेल्यावरही स्वतःकडं घेतलं नाही.

"अक्का, तू मशीनवर बसली व्हतीस का?"

"मला कुठं येतंय मशीन?"

"मग हे कुणी शिवलं?"

तिनं पट्टा उलटा केला. शेवटचे टाके बघितले. दाजी शेवटी टाके उलटे मारून यायचे, दोरा उसवू नये म्हणून. ते तिथं होते.

"माप दिलं व्हतं की मी," ती म्हणाली.

एवढंच.

तुम्ही म्हणाल, ओरडला का नाहीत? ओरडायलाही अंगात जीव लागतो. मी आत गेलो, बक्कल आणलं आणि बसवून दिलं.

पट्टा तिला अगदी बरोबर बसला.

वाटलं, झालं. मापाचं काम झालं, माणूस मोकळा. पण माप अजून पायाखालीच होतं. दाजी काम झालं की माप फाडून टाकायचे. ते फाडलेलं नव्हतं...

काही दिवसांनी परत लाईट गेली. परत खट... खट... खट...

परत पट्टा. तसाच तपकिरी. भोक मात्र थोडं आत.

अक्कानं लावून बघितला. बरोबर बसला.

पहिला सैल झाला होता.

मग तिसरा आला. मग आणखी. शेजारच्या शेडमध्ये पत्र्याचे डबे करणारा भीमण्णा एका दुपारी दारात येऊन उभा राहिला. मला तो तम्मा म्हणायचा, कानडीत धाकटा भाऊ.

"काय रे तम्मा, लाईट न्हाई आन् तुझं मशीन कसं चालायलंय?"

"हातानं."

"कुणाच्या?"

मी त्याला पट्टे दाखवले. त्यानं एक उचलला. नखानं टाके तपासले. मग जवळच्या स्टुलावर बसला.

"हरिबाचाच हात हाय ह्यो," तो म्हणाला. "मेला तरी फिनिशिंग सोडंना की रं!"

"आता काय करू, अण्णा?"

"सुई काढून दे माझ्याकडं. सुईबिगर कसं शिवंल?"

मला पटलं. मी सुई काढून दिली. त्यानं ती एका डब्यात घातली, डबा कुलपात घातला.

दुसऱ्या दिवशी मशीनला सुई होती. नवी. जुनी बोथट झाली होती, बदलायची माझ्याकडून राहून गेली होती.

भीमण्णानं मला त्याच्या कुलपातली सुई परत आणून दिली. "राहू दे," म्हणाला, "तुमच्या घरचं हाय ते." त्यानंतर तो दुपारी आमच्या बाजूचं दार बंद ठेवायला लागला.

मी तर एकदा बॉबिनमध्ये दोरा भरून ठेवला. संपत आला होता. का भरला, सांगता येत नाही. काम अडू नये, एवढंच डोक्यात होतं.

इकडे अक्का काही खाईना. भाकरी केली तर म्हणायची, "ठिव, मागून खाते." मागून ती भाकरी कुत्र्याला जायची. कुत्रंही हळूहळू यायचं बंद झालं... भाकरी तशीच राहायची. कोळारचं कुत्रं भाकरी सोडतंय, हे मी आधी कधी बघितलं नव्हतं.

"अक्का, कामून असं करायलीस? चार घास तरी खा."

"भूकच न्हाई बघ."

"दवाखान्यात जाऊ."

"कशाला? मला काय झालंय?"

तिच्या हाताची हाडं दिसत होती. पण पहिल्यानंतर पट्टा कधी सैल पडला नाही. तो सैल व्हायच्या आत दुसरा तयार असायचा. मला वाटायचं, बघ, दाजींना किती काळजी. मनगट बारीक होतंय तसं हे माप बदलून देतायत.

मग तो पट्टा आला.

मी बक्कल बसवायला घेतला आणि हात थांबला. भोक इतकं आत होतं की लहान मुलाच्या हाताचा वाटावा. अक्का बारीक झाली होती, पण इतकी नाही.

"दाजी चुकले," मी म्हणालो. मला जवळजवळ बरं वाटलं. "अक्का, ह्यो तुला होत न्हाई."

तिनं पट्टा हातात घेतला. अंगठ्यानं कुरवाळला.

"होईल," ती म्हणाली. "थांब जरा. होईल मला."

आणि हसली. दाजी गेल्यापासून पहिल्यांदा.

तेव्हा मला कळलं. मनगटाच्या मागं पट्टा चालला नव्हता. पट्ट्याच्या मागं मनगट चाललं होतं.

दाजी माप घेत नव्हते. माप देत होते.

मला वाटतं, त्यांचा हेतू वाईट नसावा. त्यांना अक्काला घेऊन जायचं असेल, किंवा नसेलही. त्यांना फक्त ऑर्डर पुरी करायची असेल. पायाखाली माप आहे तोवर काम चालू. विचारायचं नाही. करायचं. माझी बहीण माझ्यासमोर टाका-टाका करून संपत होती आणि मी बक्कलं बसवत होतो.

दुसऱ्या दिवशी लाईट जायच्या आधीच मी मशीनपाशी गेलो.

अक्काची पट्टी ओढून काढली. निघेना. पाय उचलला तरी निघेना... मग एकदम सुटली. फाडून तोंडात घातली आणि गिळली. दुसरं काही सुचलं नाही. खाकी कागदाला चव नसते.

पण मला दाजी माहीत होते. हातातलं काम काढून घेतलेलं त्यांना चालायचं नाही. रिकामे बसले की त्यांची चिडचिड व्हायची. काहीतरी द्यायला हवं होतं.

मी नवी पट्टी घेतली. माझ्या मनगटाभोवती गुंडाळली. माझं मनगट जाड आहे. आई म्हणायची, बैलाला बांधायचं दावं तुला घालता येईल. नखानं खूण केली आणि पायाखाली ठेवली.

"दाजी," मी म्हणालो, "तिची ऑर्डर क्यान्सल. ही घ्या."

लाईट गेली.

काही नाही.

बाहेर भीमण्णाचा हातोडा वाजत होता. तोही थांबला.

मी सुईकडं बघत उभा होतो. अस्तर चिकटवायच्या सोल्युशनचा वास अचानक गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्या शेडला कसलाच वास नव्हता...

मग माझ्या डोळ्यांसमोर चाक हललं.

खट.

माझ्या मनगटाभोवती कुणीतरी दोन बोटं फिरवली. गार नव्हती. दाजींची बोटं जशी खरखरीत होती तशीच. दाजी माप घेतल्यावर एकदा असं तपासून बघायचे.

खट... खट... खट...

मी डोळे मिटले.

मागच्या खोलीतून अक्काचा आवाज आला.

"शिरमंत्या, भाकरी हाय का रे काही?"

ती जेवली. तिची भाकरी खाल्ली, माझीही खाल्ली. पातेलं पुसून खाल्लं. रात्रीपर्यंत परत भूक लागली म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं घड्याळ हातातून काढून खिळ्याला लावलं आणि बारीक मापाचे ते सगळे पट्टे चुलीत घातले. चामडं जळायचा घाण वास आला. मला बरं वाटलं, वास परत आला म्हणून.

अक्का आता निर्ण्याला असते, आईजवळ. अंगानं भरलीय. गावातल्या बायका म्हणतात, सोजरा माणसात आली. मध्ये भेटलो तर म्हणाली, "तू कामून बारीक दिसायलास रे?"

"शिवणाचं काम ना," मी म्हणालो. "बसून बसून."

तिला सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती काय करेल, मला माहीत आहे. पहिल्या बसनं कोळारला येईल, कागदाची पट्टी घेईल आणि मशीनपाशी जाईल. म्हणून ही गोष्ट मी इथं लिहितोय. ती वाचत नाही.

मशीन अजून शेडमध्ये आहे. माझी पट्टी पायाखाली आहे. मला ती निघत नाही. स्वतःची स्वतःला निघत नसावी. भीमण्णाला सांगितलं तर तो आत येत नाही.

दाजींचं घड्याळ आता माझ्या हातात असतं. वेळ बरोबर दाखवतं. मी जेवतो. भरपूर जेवतो. सकाळी जेवतो, दुपारी जेवतो, संध्याकाळी धाब्यावर जाऊन परत जेवतो. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वजन केलं, काट्यावरचा पोराएवढा आकडा बघितला, मग जेवून ताटाएवढ्या फुगलेल्या माझ्या पोटाकडं बघितलं, आणि काटा बिघडलाय म्हणाले.

पहिला पट्टा मला अगदी बरोबर बसला होता. दुसराही. त्यानंतरचेही.

काल दुपारी लाईट गेली तेव्हा आणखी एक आला. मी बक्कल बसवलं. लावून बघितला.

भोकापर्यंत पोचत नाही. बोटभर कमी पडतो.

होईल.