चार इंच

शपथेवर सांगतो, ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मामीच्या स्वयंपाकघरात घडलंय.

तेही मंगळवारी, भर दुपारी. भुताला काही काळवेळ असते की नाही?

तिथला ओटा तीस इंचांचा. मामीच्या सासूबाई बुटक्या, त्यांच्या मापाने बांधलेला. मामी ताडमाड. एकोणीस वर्षं वाकून भाज्या चिरल्या. कंबरेचा पार भुगा झाला.

सासूबाई गेल्या. वर्षभराने मामीने ओटा फोडायला काढला.

मामा म्हणाला, "अगं, जुन्यानव्याचा मेळ घालू. कपाटं नवी, ओटा आईचा."

"कंबर माझी मोडायची आणि मेळ तुम्ही घालायचा?"

मामाने पेपर उघडला.

शेवटी सासूबाईंचं लाकडी फडताळ राहिलं. बाकी सगळं चकचकीत. ओटा चौतीस इंच. मिस्त्रीने मामीसमोर टेप लावून दाखवली.

दुसऱ्या दुपारी मामी चिरायला उभी राहिली...

आणि वाकली.

मिस्त्रीने मापलं. तीस!

"वहिनी, मी चौतीसच केला होता."

"मग चार इंच काय उंदराने खाल्ले?"

कुठे तडा नाही. धूळ नाही. एक फरशी हललेली नाही.

पुन्हा बांधला. रात्रभर चौतीस.

मंगळवारी दुपारी फडताळातून आवाज आला... खस्स... कुणीतरी दगड ओढत असल्यासारखा.

तीस.

मामीचं डोकं फिरलं. फडताळासमोर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"सासूबाई! जिवंतपणी वाकवलंत, आता मेल्यावरही? ऐका, यापुढे मी वाकणार नाही! काय करायचं ते करा!"



भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक थांबली...

बुधवारी मामी चिरत होती. अर्ध्या तासाने तिच्या लक्षात आलं...

कंबर दुखत नव्हती. ती ताठ उभी होती.

"अहो, हरली तुमची आई! बोलवा मिस्त्रीला!"

मामा खूश. "चला, जमला एकदाचा मेळ!"

मिस्त्रीने टेप लावली.

तीस.

पुन्हा लावली. तीसच. मग तो मामीच्या पायांकडे बघत राहिला.

काल घोट्यापर्यंत असलेला गाऊन... जमिनीवर लोळत होता.

डॉक्टर म्हणतात, वयानुसार होतं. एका रात्रीत? असं विचारलं की ते पुढच्या पेशंटला बोलावतात.

परवा मी भेटायला गेलो. मामी अजून भडकलेली आहे. दारातच माझ्यावर ओरडली, इतके दिवस कुठे होतास म्हणून.

पूर्वी ती माझ्या डोळ्यात डोळे घालून ओरडायची.

आता मान वर करून.