एकदा दाबलं की हो

"कोण आहे तिथे? जरा डावीकडून तिसरी पांढरी पट्टी दाबून धरा ना!"

रिकाम्या चर्चमध्ये, भिंतभर उंच नळ्यांच्या ऑर्गनच्या पोटातून हा हुकूम आला. मी गायकांच्या पहिल्या रांगेत, माझ्या खुर्चीवर बसले होते. आसपास चिटपाखरूही नव्हतं, म्हणजे मलाच.

"कानांत बोळे घातलेत का?"

असा राग आला म्हणता! पण उठले आणि पट्टी दाबली. एक लांब सूर निघाला. आत ठोकाठोक झाली, मग नळ्यांच्या मागून धुळीने माखलेला एक तरुण बाहेर आला. मी वहीत लिहून त्याच्यापुढे धरलं, 'घशाचं ऑपरेशन झालंय. बोलत नाही. बहिरी मात्र नाही.'

तो कानापर्यंत लाल झाला. "माफ करा... माझा जोडीदार तापाने झोपलाय. आत सूर जुळवताना बाहेर पट्ट्या दाबायला कुणीतरी लागतं. याल उद्या?"

मी एक पट्टी एकदाच दाबली. तेव्हापासून ठरलं. एकदा दाबलं की हो, दोनदा दाबलं की नाही.

पाच महिन्यांपूर्वीपर्यंत आमच्या गायकवृंदात सगळ्यांत उंच सूर माझा होता. ऑपरेशननंतर घशातून नुसती खरखर यायची. डॉक्टर म्हणाले, "घोगरा का होईना, आवाज वापरत जा." मी वापरला नाही. प्रभू माझा आवाज परत देणार याची मला खात्री होती, आणि तो येईपर्यंत ही खरखर कुणाच्या कानावर पडू द्यायची नव्हती. दर रविवारी गीतांचं पुस्तक उघडून नुसती उभी राहायचे. आईशीसुद्धा वहीतून बोलायचे.

ऑर्गनवाल्याची मात्र आतून अखंड टकळी चालू असायची.

"रोज इथे काय करतेस? प्रार्थना?"

एकदा.

"मी देवाच्या घरांत कामं करतो, पण घरमालकाशी ओळख नाही... तू रागावली नाहीस त्याच्यावर?"

दोनदा.

"खरं सांग, रागावली होतीस ना?"

मग हळूच एकदा दाबलं. रागावले होते ना! रडले, भांडले, पण भांडले म्हणून घर सोडलं नाही. हे सगळं मी वहीत लिहिलं आणि नळ्यांच्या फटीतून आत सरकवलं. आत कागदाची घडी घातल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "ही चिठ्ठी मी ठेवून घेतो. चालेल?"

चालेल काय... माझे कान तापले होते.

चौदाव्या दिवशी काम संपत आलं.

"ऐक," तो आतून म्हणाला. "मला या घरमालकाशी ओळख करून घ्यायचीय. ते तू नाही म्हणालीस तरी. पण... लग्न करशील माझ्याशी?"

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! पण उतावळी मीही होते. पट्टी दाबली. सूर आला नाही. पुन्हा दाबली. काहीच नाही.

तो बाहेर येऊन समोर उभा राहिला. "नळ्यांत हवा सोडणारी मोटर मी बंद केलीय. लबाडी आहे, कबूल. पण सूर निघाला असता तर तो ऑर्गनचा. मला तुझा आवाज ऐकायचाय."

मी वही उचलली. मग तशीच हातात धरून राहिले. प्रभू, पाच महिने मी तुझ्याकडे जुनाच आवाज मागत बसले. जो तू ठेवलास, तो एकदाही वापरला नाही.

"आधी मोटर लाव," मी म्हणाले. जाडाभरडा, अनोळखी आवाज. माझीच मला लाज वाटली.

त्याचे डोळे भरून आले होते. "आणि उत्तर?"

"हो."

घरी जाऊन म्हटलं, "आई, मला सांगायचंय काहीतरी." तिच्या हातातलं भांडं खाली पडलं. पुढचं ऐकायच्या आधीच ती रडत सुटली.

रविवारी मी माझी पहिल्या रांगेतली खुर्ची सोडली आणि मागे, खालच्या पट्टीत गाणाऱ्यांमध्ये जाऊन उभी राहिले. खाली बाकावर आईशेजारी तो बसला होता, हातात उलटं पुस्तक धरून. आमच्या गायनाच्या बाई वळून माझ्याकडे बघत राहिल्या.

"जमेल का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो," मी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.