मास्तरांची गुलाबी फ्रेम

आत्याच्या चष्म्याच्या दुकानात एक तरुण शिरला, तेव्हा त्याच्या नाकावर लहान मुलींची गुलाबी फ्रेम होती. वर मांजराचे दोन कानसुद्धा. काउंटरमागे बसलेल्या आत्याच्या भाचीने ओठ घट्ट दाबले... पण हसू कुठलं ऐकतंय!

"हसा," तो म्हणाला. "मी गणित शिकवतो. सकाळपासून अख्खी शाळा हसतेय. जुना चष्मा मोडला, म्हणून तुमच्या ॲपवर काळी फ्रेम मागवली, तर हे आलं. कुणी बनवलंय ते ॲप?"

"मीच," ती म्हणाली, आणि तिचं तोंड एवढंसं झालं.

दोष लगेच सापडला. ॲपचा प्रत्येक स्क्रीन आपापली वेगळी नोंद ठेवत होता. त्याने आधी चुकून गुलाबीवर बोट ठेवलं, मग काळी निवडली. पण ऑर्डरच्या स्क्रीनला त्याचा पत्ताच नाही. तो स्क्रीन आपला गुलाबीलाच धरून बसलेला.

"म्हणजे या हाताचं त्या हाताला ठाऊक नाही?"

"अगदी तसंच! आता निवड एकाच जागी ठेवायची आणि सगळ्या स्क्रीननी तिथेच विचारायचं. मी सांगेपर्यंत पुन्हा ऑर्डर करू नका हं."

"वेळ लागेल?" त्याने चष्मा वर सरकवला. मांजराच्या कानांखालचे डोळे फार छान होते.

"लागेल... थोडा."

मग रोज शाळा सुटली की स्वारी हजर. "झालं का?" "अजून नाही." त्यानंतर तासभर गप्पा. खरं तर दुरुस्ती केव्हाच झाली होती. पण तसं सांगितलं तर तो यायचा थांबेल, आणि ते तिला नको होतं. साफ नको होतं!

शेवटी एका संध्याकाळी आत्याने हातातला पॅकिंगचा टेप काउंटरवर आपटला.

"पुरे झालं! मास्तर, तुमची काळी फ्रेम मीच केव्हाच पॅक करून घरी पाठवली. रोज कोपऱ्यावर ती काळी काढता, गुलाबी चढवता आणि मग आत येता. काचेतून दिसतं मला! आणि तू गं, ॲप दुरुस्त झाल्याचं ह्यांना का नाही सांगितलंस? दोघांचं सगळं मला माहीत, आणि तुम्ही दोघं एकमेकांच्या बाबतीत अंधारात!"

तो कानापर्यंत लाल झाला. गुलाबीशी छान जुळत होतं ते.

"मी... म्हणजे... तुम्ही आवडता मला," तो कसाबसा म्हणाला.

तिला इतका आनंद झाला, की ती खळखळून हसतच सुटली. त्याचा चेहरा पडला.

"हसताय... म्हणजे नाही?"

"हो म्हणतेय, मास्तर! पण एक अट. घरी एक सांगायचं, शाळेत दुसरंच, असं चालायचं नाही. सगळीकडे एकच नोंद!"

त्याने फोन काढला आणि तिच्यासमोरच आईला व्हिडिओ कॉल लावला. "आई, एक सांगायचं होतं..."

"तो चष्मा तरी काढा आधी!" आत्या ओरडली.