जांभळाच्या फांदीवरच्या चपला

ही गोष्ट दुसऱ्या कुणी सांगितली असती, तर मी हसून सोडून दिली असती. पण सांगणारी स्वप्ना आहे, माझी मावसबहीण. डहाणूच्या एका शाळेत शिकवते. लग्नाला जातानाही पर्समध्ये बँडेज आणि शिट्टी ठेवणारी बाई. तिला भुताखेतांचं वेड नाही, नियमांचं आहे. म्हणूनच हे सगळं झालं, असं आता तीच म्हणते.

तारीख तिला पाठ आहे. शनिवार, १३ मे २०२३.

आणि रात्र नव्हती... भर दुपार होती.

जागा तलासरी तालुक्यातली. पाड्याचं नाव तिने मला सांगितलंय, पण लिहू नकोस म्हणून बजावलंयसुद्धा. तेव्हा एवढंच सांगतो. एक बंद पडलेली दगडखाण, तिच्यात साठलेलं हिरवं पाणी, काठावर आंब्यांची राई आणि पाण्यावर झुकलेलं एक जांभूळ.

शाळेच्या अठरा मुलींचं तीन दिवसांचं उन्हाळी शिबिर होतं. सोबत स्वप्ना आणि शांताराम सर. शुक्रवारी पोचल्या पोचल्या स्वप्नाने मुलींना ओळीत उभं करून तीन नियम सांगितले.

पाण्याच्या अलीकडे वीस पावलांवर चुन्याच्या फक्कीची रेघ मारली आहे, ती कुणी ओलांडायची नाही.

अनवाणी कुणी चालायचं नाही. विंचू असतात, जमीन तापते.

आणि जागा आपण आलो त्याहून स्वच्छ करून जायचं.

मग सफाई सुरू झाली. वेफर्सची पाकिटं, दारूच्या बाटल्या, थर्माकोलच्या थाळ्या. दोन तासांत चार गोणी भरल्या. जांभळाजवळ गेल्यावर स्वप्नाला ते दिसलं.

पाण्यावर गेलेल्या फांदीला चपला बांधलेल्या होत्या. लहान मुलीच्या. एका ओळीत सात जोड. पहिला जोड तळहाताएवढा, पुढचा त्याहून थोडा मोठा, त्यापुढचा आणखी थोडा मोठा...

"मॅडम, या कुणीतरी मुद्दाम बांधल्यात. राहू द्या," शांताराम सर म्हणाले.

"सर, तळ बघा ना. पार झिजलेत. वापरून फेकलेल्या आहेत." स्वप्नाने एक चप्पल उलटी करून दाखवली. खरंच झिजली होती, सातही जोड तसेच. "आणि उद्या एखादी पाण्यात पडली, तर पोरी काढायला जातील. मग?"

तिने स्वतः दोऱ्या कापल्या. सातही जोड गोणीत गेले आणि गोण्या लक्ष्याच्या टेम्पोत. लक्ष्या पाड्यावरचाच. शिबिराला पिण्याचं पाणी तोच आणायचा, आणि चारोटीला भंगारवाल्याकडे जाताना कचराही तोच नेणार होता.

त्या रात्री काहीच झालं नाही. मुलींनी गाणी म्हटली. शेकोटी विझवून स्वप्नाने वर दोन बादल्या पाणी ओतलं आणि राखेत हात घालून ती गार झाल्याची खात्री केली. अशी आहे ती.

शनिवारी दुपारी एकला जेवणं झाली. ऊन असं, की दगडावर हात ठेवता येईना. मुलींना सावलीतल्या तंबूंमध्ये झोपायला पाठवलं. पाच तंबू होते, पाचवीच्या मुलींपासून सातवीच्या मुलींपर्यंत क्रमाने लावलेले. बाहेर चपलांच्या ओळी. टाचा तंबूकडे, टोकं बाहेर. आग लागली तर पायात सरकवून थेट पळता यावं, म्हणून हा स्वप्नाचाच नियम.

शांताराम सर स्वयंपाकाच्या चुलीकडे भांडी आवरत होते. स्वप्ना आंब्याखाली वही घेऊन बसली.

राईत होले पक्षी घुमत होते. कुठेतरी लांब हायवेचा आवाज.

मग होले थांबले.

हायवेही थांबल्यासारखा वाटला...

चपक.

चपक... चपक...

ओल्या पायात सैल चप्पल घातल्यावर येतो ना, तसा आवाज. तंबूंच्या बाजूने. कुणी मुलगी उठली असेल म्हणून तिने मान वर केली.

कुणी नव्हतं.

ती उठून पहिल्या तंबूपाशी गेली. एक जोड उलटा फिरवलेला होता. टोकं तंबूकडे, टाचा बाहेर. जणू आत जायला कुणी उभं होतं. तिने वाकून तो सरळ केला. आतून ओला होता.

आणि टाचेच्या मागे, धुळीत, एक ओला अर्धगोल.

कुणाची तरी टाच चपलेत मावली नव्हती.

दुसऱ्या तंबूपाशी आणखी एक जोड उलटा. तोही ओला. टाच तिथेही मागे आलेली, पण थोडी कमी. तिसऱ्यापाशी त्याहून कमी...

कुणीतरी चपला घालून बघत होतं. आपल्या मापाच्या शोधत होतं.

"मॅडम, पोरींचा चावटपणा असेल," तिला चपला सरळ करताना बघून शांताराम सर चुलीकडून ओरडले. स्वप्ना पुढच्या तंबूकडे वळली. चौथ्या तंबूपाशी टाच अगदी काठोकाठ होती. ती पाचव्या तंबूकडे धावली.

तिथे सात मुली होत्या. बाहेर चपलांचे सहाच जोड.

तिने पडदा उचलला. आत सहाच मुली.

"निलम कुठाय?"

निलमची जोडीदार चंद्रिका डोळे चोळत उठून बसली. "टीचर, तिच्या चपला घालून कुणीतरी चाललं होतं. ती परत मागायला गेली."

"कोण चाललं होतं?"

"पाय दिसले फक्त. ओले होते."

स्वप्नाने गळ्यातली शिट्टी जीव खाऊन फुंकली. एक शिट्टी वाजली की जिथे असाल तिथून उलट शिट्टी द्यायची, असं सगळ्यांना शिकवलं होतं. निलमच्या गळ्यातही शिट्टी होती.

उत्तर आलं नाही.

चुन्याच्या रेघेवर पावलं उमटली होती. एक अनवाणी, बारा वर्षांच्या मुलीचं. बाजूला चपलेचं. जोडीने, एकमेकांना चिकटून, पाण्याकडे...

निलम जांभळाखाली होती. गुडघ्यापर्यंत पाण्यात. पाठमोरी. तिथून पुढे एका पावलावर खाण सरळ तीस फूट खाली जाते, हे स्वप्नाला माहीत होतं. आदल्या दिवशी तिनेच दगड बांधून दोरी सोडून पाहिलं होतं.

निलमचा उजवा हात पुढे होता, जरासा वर उचललेला.

कुणाचा तरी हात धरून चालताना असतो तसा.

"निलम!"

तिने वळूनही पाहिलं नाही. एक पाय उचलला...

त्याच वेळी पाड्याच्या वाटेवरून एक बाई धावत आली. पन्नाशीची, पदर सुटलेला, पायात काही नाही. तिने स्वप्नाकडे पाहिलं नाही, निलमकडेही पाहिलं नाही. ती पाण्याकडे बघून ओरडली.

"रूपी! सोड तिचा हात! दुसऱ्याची पोर हाय ती!"

होले पुन्हा घुमायला लागले, असं स्वप्नाला स्पष्ट आठवतं.

निलमचा हात खाली पडला. ती पाण्यातच मटकन बसली. शांताराम सरांनी दोरी टाकली आणि स्वप्नाने कमरेपर्यंत पाण्यात जाऊन तिला ओढून काढलं. मुलगी शुद्धीवर होती. एकच वाक्य बोलत होती, "टीचर, तिचे पाय भाजत होते."

निलमच्या चपला काठावर होत्या. निळ्या पट्ट्यांच्या. पाण्याकडे टोकं करून नीट ठेवलेल्या. आतून ओल्या.

त्या बाईचं नाव पुतळी. लक्ष्याने चारोटीला गोणी रिकामी करायला घेतली, आत चपला पाहिल्या, आणि गाडी तशीच वळवून आधी पुतळीचं घर गाठलं होतं. तो मागून गोणी घेऊन आला. पुतळी जांभळाखाली बसली आणि एकेक जोड पदराने पुसत बोलू लागली. रडत नव्हती. स्वप्ना म्हणते, रडली असती तर बरं झालं असतं.

"माझी रूपी सा वर्साची होती. वैशाखात मी कामाला गेली, ती मागं मागं आली. पायात काय नव्हतं तिच्या. पाय भाजलं म्हणून पाण्यात उतरली." तिने सर्वात लहान जोड उचलला. "मंग मी ह्या आणून बांधल्या. होळीला बघते तर झिजलेल्या. टाच भायेर आलेली. म्हंजे चालते माझी पोर. वाढते पण. दर होळीला एक नंबर मोठ्या आणते मी."

स्वप्नाने हात जोडले.

"तुमचा दोस नाय, बाय. तुमी कचरा समजल्या." पुतळीने काठावरच्या निळ्या चपलांकडे बोट केलं. "पर ह्या आता तिला बसल्या. ह्या इथंच ऱ्हाऊ द्या. दुसऱ्या नाय चालनार."

सात जोडांच्या शेजारी आठवा जोड बांधला गेला. शिबिर तिथेच आटोपायचं ठरलं. बस रविवारी सकाळी येणार होती.

आता इथे स्वप्नाने जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं नसतं.

निलमच्या तळव्यांना फोड आले होते. आपल्या ताब्यातली मुलगी अनवाणी घरी न्यायची? आई विचारेल तेव्हा काय सांगायचं? आणि स्वप्नाच्या मते मापाला माप होतं, त्यात नवीन तर उलट चांगलंच. तिने लक्ष्याकडून तलासरीच्या बाजारातून त्याच नंबरचा, तशाच निळ्या पट्ट्यांचा नवा कोरा जोड मागवला. रविवारी सकाळी सगळे सामान बांधत असताना ती एकटी जांभळाकडे गेली. निळ्या चपला सोडल्या, नव्या बांधल्या. सोडलेल्या चपला डेटॉलने धुतल्या आणि निलमच्या पायात घातल्या.

पुतळीला सांगितलं नाही. लक्ष्यालाही नाही. कुणी अनवाणी चालायचं नाही... हा नियम तिनेच केला होता ना.

पुढच्या मे महिन्यात ती पुतळीला भेटायला गेली. मनाला लागून राहिलं होतं. पुतळी जांभळाखालीच बसलेली होती. फांदीवर आता नऊ जोड होते. सात झिजलेले.

शेवटचे दोन कोरे. तळावरचं नंबरचं स्टिकरसुद्धा निघालेलं नव्हतं.

"चालत नाय ती आता," पुतळी म्हणाली. "वरीस झालं. काय चुकलं माझं, बाय? कुठं गेली माझी पोर?"

स्वप्ना काहीतरी बोलून परतली. त्याच आठवड्यात तिला निलमच्या आईचा, नयनाचा, फोन आला. नयना रेल्वेत नोकरीला आहे, घाबरट बाई नाही. तक्रार करायला नव्हे, गंमत म्हणूनच तिने फोन केला होता.

"टीचर, त्या शिबिराच्या निळ्या चपला आठवतात? निलमला कधीच्या लहान झाल्या. मी दोनदा टाकून दिल्या. तरी रोज दुपारी दारात असतात. ओल्या. आणि टोकं घराकडे. निलमला विचारलं तर म्हणते, असू दे, तिचे पाय भाजतात."

नयनाने फोटोही पाठवला. स्वप्नाने तो मला दाखवलाय. दाराबाहेरची फरशी, निळ्या पट्ट्यांच्या चपला. टाचेच्या मागे फरशीवर ओला अर्धगोल. टाच आता मागे येते आहे.

मी स्वप्नाला म्हटलं, मग चपला परत नेऊन बांध की. ती म्हणाली, गेले होते मागायला. निलम दार अडवून उभी राहिली. "टीचर, तिला परत नका पाठवू. तिकडे फार खोल आहे."

आता या पोरीकडून त्या पोरीला कसं ओढून काढायचं? नेलं आणि निलमही मागे मागे निघाली तर? आणि नाही नेलं, तर त्या आईला काय तोंड दाखवायचं? स्वप्नाला झोप लागत नाही.

गेल्या होळीआधी पुतळी तिला डहाणूच्या बाजारात भेटली. चपलांच्या दुकानापुढे, उन्हात, अनवाणी उभी होती. दोन्ही हातांत दोन वेगवेगळ्या मापांचे जोड. स्वप्नाला पाहून तिचा चेहरा उजळला.

"बरी भेटलीस, बाय. आधीच्या चपला झिजल्या की मला माप कळायचं. आता कायच कळत नाय. तू शिकलेली हायस, तूच सांग. केवढी झाली असंल माझी पोर? कोनता नंबर घेऊ?"

नंबर स्वप्नाला माहीत होता. फोटो तिच्या हातातल्या फोनमध्येच होता.

तिने अंदाजाने सांगते असं दाखवून मोठा जोड उचलून दिला, आणि घरी आली.

दुपारचे दोन वाजले होते. तिच्या दारात तिच्या घरात घालायच्या स्लिपर होत्या. सकाळी जाताना टोकं बाहेर करून ठेवलेल्या.

टोकं आत होती...

ओल्या होत्या.