जड माल तळाशी

पृथ्वी कधी खोटं बोलत नाही, असं भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात पहिल्याच पानावर छापलेलं असतं. पृथ्वीला मुळात बोलताच येत नाही, हे कुठल्याच पानावर नसतं. त्यामुळे तिच्या वतीने जो तो बोलतो, आणि कधीकधी त्यात माणूस मरतो.

दगडबाई वर्गात हजेरी घेत होत्या, तेव्हा धाकट्या जावेचा फोन आला. बाई महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवत. हे टोपणनाव मुलांनी विषयावरून ठेवलं की चेहऱ्यावरून, याची चौकशी त्यांनी कधी केली नव्हती.

"ताई, ह्यांना पकडून नेलं हो! तात्या गेले. ह्यांनीच मारलं म्हणतात."

तात्या म्हणजे डोंगरावर कथील शोधणाऱ्या कंपनीचे म्हातारे भूवैज्ञानिक. 'हे' म्हणजे बाईंचे धाकटे दीर, त्याच कंपनीत ड्रिलर. यंत्राने डोंगराला भोक पाडायचं, आतून निघालेल्या दगडाच्या लांबट कांड्या ओळीने पेट्यांत भरायच्या, पेट्यांवर खडूने नंबर टाकायचे, हे त्यांचं काम. या कांड्यांना कोअर म्हणतात. कोअर ठेवायच्या शेडमध्ये सकाळी तात्या सापडले. पेट्यांनी भरलेली अख्खी मांडणी त्यांच्या अंगावर होती.

कोठडीत भावजी गुडघे पोटाशी घेऊन बसले होते.

"खरं सांगा. भांडण झालं होतं?"

"झालं ना, वहिनी. सगळ्यांनी ऐकलं. तात्या म्हणाले, सातवं भोक बंद कर. मी म्हटलं, मॅनेजरसाहेब चालू ठेव म्हणतात. तुम्ही दोघं काय ते एकदा ठरवा, माझ्या पोटावर कशाला पाय देता?"

"मग?"

"मग घरी जाऊन झोपलो. साक्षीला फक्त बायको, आणि तिची साक्ष म्हणे चालत नाही. माझ्या घोरण्याची तिची तक्रार मात्र चार घरं चालते."

"सातव्या भोकातून निघत काय होतं?"

"दगड."

"कसला?"

"वहिनी, मी दगडाची लांबी मोजतो. जात विचारत नाही."

फौजदार दारातच उभे होते. "उद्या कोर्टात उभा करणार, मॅडम. शेडची चावी त्याच्याकडे, भांडण त्याचं, भोक बंद झालं तर नुकसानही त्याचंच. आणखी काय हवं?"

"शेड बघायची आहे."

"काय बघणार? तिथे दगड आहेत."

"म्हणूनच."

शेडला खिडकी नव्हती. पत्र्याच्या छपराला पडलेल्या भोकांतून उन्हाच्या सुया खाली आल्या होत्या. सहाव्या भोकाची मांडणी जमिनीवर आडवी होती, आणि फुटलेल्या पेट्यांमधल्या एका जागेवर वाळू टाकलेली होती. वाळू अजून ओली होती. बाहेर ड्रिलचं यंत्र चालूच होतं. तात्यांना उचलून नेईपर्यंतही ते कुणी थांबवलं नव्हतं. पायाखालची जमीन बारीक थरथरत होती.

सातव्या भोकाची मांडणी मात्र जागच्या जागी होती, पहिली पेटी वर आणि शेवटची तळाशी. बाई एकेक पेटी बघत खाली आल्या. वर स्वच्छ गुलाबीसर ग्रॅनाइट. त्याखालीही ग्रॅनाइट. अगदी तळाच्या पेट्यांत करडा, अभ्रकाने चमचमणारा दगड. त्यांनी त्याची एक कांडी उचलली. तिच्या चिरेत गंज उतरला होता, आणि गंजात केसासारखं काहीतरी तपकिरी अडकलं होतं.

"सांभाळून, मॅडम."

आवाज अगदी मानेपाशी आला. पावलं ऐकू आली नव्हती. मॅनेजर मागे उभा होता, आणि त्याचा हात बाईंच्या डोक्यावरच्या आडव्या पट्टीवर होता. मांडणी कुरकुरली.

"फार कमकुवत आहेत या," तो मऊ आवाजात म्हणाला. "जरा धक्का लागला की..."

बाई कांडी हातात घेऊन हळूच बाजूला सरकल्या.

मॅनेजर हा मालकांचा जावई. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. या मालकांनी त्याला नोकरी देऊन तो घरातच बसवून घेतला होता. मालकही फौजदारांबरोबर आत आले. आज ते खास सातव्या भोकाचा कोअर बघायला येणार होते, हे कंपनीत सगळ्यांना माहीत होतं.

"मालक, यात कथील कुठल्या दगडात असेल?" बाईंनी विचारलं.

मालकांनी मोठ्या विश्वासाने एक पिवळी चमकती कांडी काढून दिली.

"ती सोनमाखी, बाबा, नुसतं लोखंड आणि गंधक," जावई हसला. "कथील या करड्यात. याला ग्रायझेन म्हणतात. हे काळे दाणे कथिलाचे, ह्या काळ्या पट्ट्या टंगस्टनच्या."

"इतकं खाली?"

"जड माल तळाशीच बसणार ना, मॅडम! मी क्रोमच्या खाणीत वर्षानुवर्षं काढली आहेत. तिथे थरच्या थर तळाला असतात. आणखी खोल गेलो की इथेही घबाड आहे."

फौजदारांनी मान डोलावली. "चहातली साखर."

"हा कोअर निघताना तुम्ही पाहिलात?"

"प्रत्येक कांडी माझ्या डोळ्यांदेखत पेटीत गेली. वर ग्रॅनाइट, खाली ग्रायझेन. याच क्रमाने."

"आणि ड्रिलरला यातलं काय कळतं?"

"त्याला? वीट आणि हिरा त्याला सारखेच."

"फौजदारसाहेब, हे तेवढं लक्षात ठेवा," बाई म्हणाल्या. "आणि कुणीतरी दारात उभं राहा."

फौजदार स्वतःच दारात जाऊन उभे राहिले. का, ते त्यांना कळलं नव्हतं, पण बाईंचा आवाज हजेरीचा होता.

"जमिनीखाली ग्रॅनाइट आधी वितळलेला रस असतो," बाई सांगू लागल्या. "तो हळूहळू थिजतो, त्याचे स्फटिक बनतात. कथील आणि टंगस्टन त्या स्फटिकांत मावत नाहीत. भरलेल्या गाडीत जागा न मिळालेले लोक काय करतात?"

"टपावर चढतात," फौजदार म्हणाले.

"अगदी तेच. शेवटी थोडा रस उरतो. सगळं पाणी त्यात, आणि नको असलेलं कथीलही त्यातच. हा पातळ रस हलका, तो वर चढतो आणि ग्रॅनाइटच्या माथ्याशी साचतो. त्याचं उकळतं पाणी माथ्याचा दगड कुरतडतं, त्याचं ग्रायझेन करतं आणि कथील तिथेच टाकतं. दुधावर साय धरावी तसं."

"पण जड असून?" मालकांनी विचारलं.

"वर जाताना ते दगड नसतं, पाण्यात विरघळलेलं असतं. क्रोमची गोष्ट उलटी. तो वेगळाच, काळा रस. त्यात क्रोमचे दाणे अगदी आधी तयार होतात आणि बुडतात. म्हणजे ज्याने ही मांडणी रचली, त्याला कथिलाचा दगड कुठला हे ठाऊक होतं, पण तो कुठे बसतो हे क्रोमच्या हिशोबाने ठाऊक होतं. मालकांना दगड ओळखता येत नाही. माझ्या दिराला तर, मॅनेजरसाहेबच म्हणतात, वीट आणि हिरा सारखेच."

"ही नुसती थिअरी झाली!" जावई म्हणाला. "प्रत्येक डोंगर वेगळा असतो."

बाईंनी हातातली कांडी उन्हाच्या एका सुईखाली धरली आणि चिरेतला तपकिरी केस नखाने ओढून काढला.

"फौजदारसाहेब, हे काय आहे?"

"मूळ. गवताचं."

"ही कांडी सातव्या भोकाच्या तळाची आहे. मॅनेजरसाहेबांच्या डोळ्यांदेखत तिथून निघालेली. गवत इतकं खोल जात नाही हो. हा दगड जमिनीलगतचा, सगळ्यात आधी निघालेला. पेट्या वरच्या खाली केल्या, नंबर पुसून नवे टाकले. तात्या तेच सांगणार होते: पातळ साय संपली, खाली कोरडा ग्रॅनाइट आहे, यंत्र बंद करा. सासऱ्यांना 'खोल जा' असा सल्ला दिला होता कुणी?"

मालक जावयाकडे बघत होते. बाहेर यंत्र घरघरत होतं.

"म्हातारा पहाटेच शेडमध्ये आला," जावई शेवटी म्हणाला. आवाज तसाच मऊ होता. "माझ्या हातात खडू होता. मला म्हणाला, पोरा, पुस्तक उलटं धरलंयस. बाबांसमोर हेच म्हणाला असता. हसत." त्याने वाळूकडे पाहिलं. "मी नुसता धक्का दिला."

"चावी?"

"मॅनेजरकडे दुसरी असतेच."

फौजदारांनी त्याचा दंड धरला. मग कुणीतरी बाहेर जाऊन यंत्र बंद केलं.

संध्याकाळी भावजी घरी आले. जावेने रडून घेतलं, आणि त्या रात्री घोरण्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

तात्यांचं म्हणणं पुढे दुसऱ्या तज्ज्ञांकडून तपासून घेण्यात आलं. ते बरोबर निघालं. त्या डोंगराचा माथा फार पूर्वीच झिजून गेला होता आणि त्याच्याबरोबर कथीलही नदीवाटे समुद्रात गेलं होतं. ज्यासाठी एवढं झालं, ती नुसती खरवड होती.

कंपनी आता तिथला ग्रॅनाइट कापून स्वयंपाकघराच्या ओट्यांसाठी विकते. तेलाचे डाग राहत नाहीत.